मित्र आहेत, पण सांगायचे कोणाला?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सत्रात त्याला दोन विषयांत केटी लागली, म्हणजे ते विषय राहिले. तेव्हापासून डबा अर्धा तसाच परत येतो आणि रविवारचे क्रिकेटही बंद झाले आहे. परवा शैक्षणिक कर्जाचा विषय निघाला, तेव्हा 'मी नसतो तर तुमचे एवढे पैसे तरी वाचले असते,' असे तो बोलून गेला. त्याचे वडील म्हणतात की, एवढे मित्र असलेल्या मुलाची काळजी कशाला करायची? थेट विचारले, तर नको तो विचार मीच त्याच्या डोक्यात घालीन अशी भीती वाटते. काही असेल तर तो आपणहून सांगेल ना?
– एक आई, लालबाग

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. तो आपणहून सांगेलच, असे कृपया धरून चालू नका. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ फ्रँक डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आत्महत्येचे विचार ज्यांच्या मनात अधिक होते, त्यांचीच मदत मागण्याची तयारी कमी असल्याचे आढळले. पाय मोडलेला माणूस मदतीसाठी हाका मारतो. इथे मात्र दुखणे वाढते तशी हाकच क्षीण होत जाते. म्हणून पहिले पाऊल आपण उचलायचे.

मित्रांविषयी त्याच्या वडिलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आपली कोणाला तरी गरज आहे, असे ज्या विद्यार्थ्यांना वाटते त्यांच्यात आत्महत्येचे विचार कमी आढळतात, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. परंतु ७.४२ च्या लोकलमध्ये रोज टाळ्या देणाऱ्या घोळक्यातल्या एकालाही 'मला केटी लागली आणि रात्री झोप येत नाही' हे सांगता येत नसेल, तर तो घोळका या कामी फारसा उपयोगाचा नाही. त्यापेक्षा एखादा मामेभाऊ किंवा शाळेतला जुना मित्र, ज्याच्यापुढे त्याला हुशार दिसावे लागत नाही, तो अधिक मोलाचा.

आपल्या पत्रातील कर्जाचे वाक्य मी दोनदा वाचले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, 'मी कोणाचाच नाही' आणि 'मी सगळ्यांवर ओझे आहे' या दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते. तो जे बोलला, ते दुसऱ्या भावनेच्या फार जवळचे आहे. ते बोलणे सहज म्हणून सोडून देऊ नये. 'तुझ्यासाठी आम्ही किती खस्ता काढल्या' हे आपण मायेने म्हणतो, पण आज त्याला त्यातून हिशेबच ऐकू येईल.

विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट अनेकांना सुटल्यासारखे वाटते. स्वयंपाकघरात भाजी निवडताना, नजर खाली ठेवूनही विचारता येईल : 'त्या दिवशी तू जे बोललास ते माझ्या मनातून जात नाही. जीव द्यावा असे तुला वाटते का रे?' मग गप्प राहावे. उपदेश नको, रडारड नको आणि 'कोणाला सांगणार नाही' असे वचनही नको.

महाविद्यालयातील समुपदेशकाकडे जायला तो कदाचित तयार होणार नाही. समुपदेशकाची खोली कार्यालयाच्या शेजारी, आणि बाहेरच्या बाकावर बसलेला मुलगा अख्ख्या वर्गाला दिसतो, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. आपल्याला परळचे केईएम रुग्णालय जवळ आहे. तिथल्या मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हेही त्याला सांगावे.

'हो, वाटते' असे उत्तर आले, तर त्याला एकटे सोडू नका, घरातील औषधे आपल्या ताब्यात घ्या आणि लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवा. कधी, कसे हेही त्याने ठरवले असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच अपघात विभागात न्या. शासनाची 'टेली मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा विनामूल्य, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलगा राजी नसला, तरी त्याला कसे विचारावे एवढेच विचारण्यासाठी आपण स्वतः आजच तो फोन करू शकता.