आमदार-खासदारांना आणि आपल्याला आरोग्य विम्याचे नियम एकच असावेत का?

माझ्या मते असावेत.

सध्याचं चित्र असं आहे. खासदारांना केंद्राच्या सीजीएचएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या आरोग्य योजनेची सोय आहे. आपल्याला महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. रक्कम कमी नाही, पण उपचार यादीत हवा आणि दवाखाना योजनेतला हवा. साध्या ओपीडीचा, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा खर्च खिशातूनच.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. काकूंना छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्री गाडी करून नागपूर गाठलं. राशन कार्डावरच्या आणि आधारवरच्या नावात फक्त एका 'बाई'चा फरक होता. तेवढ्यासाठी मंजुरी अडली. काका प्लास्टिकच्या पिशवीत कागदं घेऊन दोन दिवस काउंटरपुढं उभे होते, अन् इकडं कापूस वेचायला आलेला. शेवटी सावकाराकडून पैसे उचलले.

अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यात एक कलम आहे: सरकारकडून विमा घ्यायचा तर तिथल्या खासदारांनी त्याच कायद्याखाली उभ्या झालेल्या विमा बाजारातूनच घ्यायचा. हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरतं, म्हणून तिथंही वाद झालाच. तरी कायदा करणाऱ्यांना त्याच कायद्याखाली आणायचं, हे मला पटतं.

आपल्याकडंही आमदारांच्या घरच्यांनी एकदा तरी योजनेच्या त्याच काउंटरवरून भरती व्हावं. नावातल्या फरकाचा नियम मग आठवड्यात सुधारेल.