सी भाषेतल्या प्रोग्रॅमने लिहिलेल्या फाइलमध्ये ‘मराठी’च्या जागी प्रश्नचिन्हं?

एफपुटडब्ल्यूएसला (fputws, वाइड म्हणजे एका बाइटहून मोठ्या जागेत ठेवलेली अक्षरं फाइलमध्ये लिहिणारं फंक्शन) दोष देऊ नकोस. मेन फंक्शनच्या पहिल्याच ओळीत सेटलोकेल बोलव, एलसी_ऑल आणि रिकामी स्ट्रिंग देऊन: setlocale(LC_ALL, ""). त्याने प्रोग्रॅम तुझ्या सिस्टिमचं लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची मांडणी, उचलतो. नाहीतर प्रोग्रॅम ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलमध्येच राहतो, आणि त्याला देवनागरीचा गंध नसतो. लिहून झाल्यावर फाइलचा आकार बघ: यूटीएफ-८ मध्ये ‘मराठी’ची काना-वेलांटी धरून पाच वर्णचिन्हं, प्रत्येकी तीन, म्हणजे 15 बाइट.

दुसरी गोम जास्त छळते. उघडलेल्या फाइलच्या स्ट्रीमवर पहिलं लेखन वाइड झालं की तो स्ट्रीम वाइडच राहतो. त्यावर मग साधा, बाइटवाला एफप्रिंटएफ (fprintf) मारलास तर लिनक्सवर तो मुकाट उणे एक, म्हणजे चुकीची खूण, परत देतो; आपण कुठे तपासतो म्हणा! मी यात अख्खी संध्याकाळ घालवलीय. शंका आली तर एफवाइड (fwide) या फंक्शनला तो स्ट्रीम आणि शून्य देऊन विचार: धन आलं तर वाइड, ऋण आलं तर बाइट.