ख्रिस्ती वाचकाला अलीकडे भावलेली पुस्तके

आपल्या मंडळीत वाचनगट सुरू करायचा आहे, पण बोधपर पुस्तिका वाचून सगळे कंटाळले आहेत, तेव्हा अलीकडे वाचलेली आणि मनापासून आवडलेली पुस्तके सुचवावीत, असे तुम्ही विचारले आहे. विश्वास ठेवण्याची किंमत कोणाला मोजावी लागली आणि ती कशी मोजली गेली, हे ज्या पुस्तकात दिसते तेच मी दुसऱ्याच्या हातात देतो. त्यामुळे माझी यादी लहान आहे आणि तिच्यातील बहुतेक पुस्तके नवी नाहीत. अलीकडचे आहे ते माझे वाचन.

पहिले नाव लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे. शाळेत त्यातला एखादा धडा वाचून आपण हसलेलो असतो आणि पुस्तक वाचले आहे असा समज करून घेतो. गेल्या पावसाळ्यात मी ते सलग वाचले, तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. आपल्याकडे त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा 10 फेब्रुवारी 1895 रोजीचा बाप्तिस्मा आनंदाची साक्ष म्हणून सांगितला जातो; लक्ष्मीबाई मात्र त्याच घटनेची दुसरी बाजू दाखवतात. नवरा हयात असून तो नसल्यासारखा, पदरी लहान मूल आणि आसरा नातेवाइकांचा, अशी काही वर्षे त्यांनी काढली. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या तरी त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळेच ठेवले. बालपणी वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने घर कसे वेठीला धरले होते हे आधीच्या पानांत आलेले असल्यामुळे, ही वेगळी चूल म्हणजे नुसता हट्ट नव्हे हे वाचकाला कळते.

टिळकांकडे ख्रिस्त पुस्तकातून आला. आगगाडीत भेटलेल्या एका परक्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. लक्ष्मीबाईंचे तसे झाले नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाला पंगतीला बसवावे, अशा प्रश्नांतून त्या हळूहळू पुढे सरकल्या आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिद्धान्ताची चर्चा त्या जवळजवळ करतच नाहीत. विश्वास हा एकाच रात्रीत होणारा पालट असतो असे मानणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातून टिळकांची गीते आपण दर रविवारी गातो, परंतु त्या गीतांमागच्या संसाराची हकिकत वाचलेले सभासद फार थोडे भेटतात, ही माझी जुनी तक्रार आहे. ज्यांच्या मुलांना मराठी वाचन जड जाते, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2017 साली प्रसिद्ध झाला आहे.

दुसरे पुस्तक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, त्यामुळे कॅथलिक धर्मगुरूने केलेल्या भाषांतराकडे सुरुवातीला थोड्या अढीनेच पाहिले, हे कबूल केले पाहिजे. बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतराची लय माझ्या कानात इतकी मुरलेली आहे की स्तोत्रसंहिता मी अजूनही त्यातच वाचतो. मात्र संदेष्ट्यांची पुस्तके आणि पौलाची पत्रे मला प्रथमच सलग समजली ती दिब्रिटोंच्या मराठीत. भाषेवरचे हे प्रेम कोठून आले ते पाहायचे असेल, तर त्यांचे ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन सोबत ठेवावे. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेला धर्मगुरू त्यात भेटतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्ताची कथा सांगणारे ओवीबद्ध मराठी काव्य मात्र गटात अख्खे वाचायला घेऊ नका. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. 1616 साली गोव्यात रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले. जन्माने इंग्रज असलेला हा जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचा धर्मगुरू) आरंभीच ज्ञानेश्वरीच्या धाटणीने ‘वो नमो’ म्हणतो आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणतो. नव्या विश्वासाला जुने शब्द चालतात का, हा आपल्या उपासनेतला वाद किती जुना आहे ते यावरून कळते. नाताळच्या आठवड्यात ख्रिस्तजन्माचा भाग कोणीतरी चालीवर म्हणावा. मनातल्या मनात वाचण्याचा हा ग्रंथ नव्हे.

शेवटचे पुस्तक मी जरा बिचकतच सुचवतो. शुसाकु एंडो या जपानी कॅथलिक लेखकाची ‘सायलेन्स’ ही 1966 सालची कादंबरी मी इंग्रजीतून वाचली. सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी असलेल्या जपानमध्ये एक पोर्तुगीज जेझुइट गोवा आणि मकाव या मार्गाने पोहोचतो. आपण ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवला नाही तर इतरांचा छळ थांबणार नाही, अशी वेळ त्याच्यावर येते. त्याने केले ते बरोबर की चूक, हे मला दोनदा वाचूनही ठरवता आलेले नाही, आणि माझ्या घरातही त्यावर एकमत नाही. नव्याने विश्वासात आलेली किंवा सध्या दुःखातून जात असलेली माणसे गटात असतील, तर हे पुस्तक पहिल्या वर्षी घेऊ नका. सुरुवात ‘स्मृतिचित्रे’ने करा, आणि एका बैठकीला तीस पानांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण निम्मा वेळ प्रत्येकजण आपापल्या आजीच्या आठवणी सांगण्यात घालवील.