वाचकांचे प्रश्न: मुंबई महापालिकेचे मुख्यालय

प्रश्न: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची महापालिकेची इमारत स्थानकाच्या इमारतीची बहीण वाटावी इतकी तिच्यासारखी दिसते. यामागे काही कारण आहे का? ही इमारत होण्यापूर्वी महापालिकेचा कारभार कोठून चालत असे, आणि आज तेथे नेमके काय चालते?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: साम्य योगायोगाने आलेले नाही, कारण दोन्ही इमारतींचे वास्तुविशारद एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. रेल्वे स्थानकाप्रमाणे महापालिकेच्या इमारतीचे कामही त्यांच्याकडे आले. दुसरे वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांचाही आराखडा विचारात होता. अखेर स्टीव्हन्स यांचा गॉथिक, म्हणजे युरोपातील टोकदार कमानींच्या शैलीच्या वळणाचा आराखडा पसंत झाला, मात्र त्यावर त्यांनी भारतीय धाटणीचे घुमट चढवले. दोन रस्त्यांच्या बेचक्यात सापडलेली जागा हीच त्यांची खरी कसोटी होती. महापालिका मार्ग आणि दादाभाई नौरोजी मार्ग जेथे मिळतात तेथे इमारतीचे तोंड ठेवून त्यांनी दोन पाखे मागे पसरवले, त्यामुळे अडचणीची जागाच दर्शनी बाजू ठरली. चर्चगेटचे पश्चिम रेल्वेचे मुख्यालयही त्यांचेच, हे अनेकांना ठाऊक नसते.

मुंबईत महापालिकेचा कारभार १८६५च्या कायद्याने आयुक्ताच्या हाती आला आणि आर्थर क्रॉफर्ड पहिले आयुक्त झाले. तेव्हा कार्यालय गिरगावच्या रस्त्यावरील एका साध्या इमारतीत होते. १८७० साली ते एस्प्लनेड भागात, म्हणजे आजच्या काळा घोडा परिसरात, वॉटसन हॉटेलशेजारच्या इमारतीत हलले. कारभार वाढत गेला तशी तीही जागा अपुरी पडू लागली. नव्या इमारतीची कोनशिला ९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. स्थानिक स्वराज्याचा १८८२चा ठराव ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या व्हाइसरॉयने भारत सोडण्यापूर्वीच्या अखेरच्या दिवसांत हे काम करावे, यात मला औचित्य दिसते. इमारत १८९३ साली पुरी झाली. मंजुरी सुमारे ११ लाख ८८ हजार रुपयांची होती, प्रत्यक्ष खर्च ११ लाख २० हजारांच्या आसपास आला. (मंजुरीपेक्षा कमी खर्चात संपलेले सरकारी बांधकाम, हे आजच्या वाचकाला खोटे वाटेल!)

आजच्या उपयोगाविषयी बोलताना मनोऱ्याइतकेच लक्ष सभागृहाकडे द्यावे असे मी सुचवेन. महापौर, आयुक्त आणि स्थायी समिती या तिघांची दालने एका छताखाली असली, तरी त्यांचे अधिकार १८८८च्या कायद्याने वेगवेगळे केले आहेत: आयुक्ताने अर्थसंकल्प मांडायचा, स्थायी समितीने तो तपासायचा आणि मोठ्या कंत्राटांना मंजुरी द्यायची, आणि अखेरचा शब्द नगरसेवकांच्या सभागृहाचा. ही रचना घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या फिरोजशहा मेहता यांचा पुतळा प्रवेशद्वारासमोर उभा आहे, तो काही केवळ शोभेसाठी नव्हे. त्यांच्या काळी अध्यक्ष म्हणून ओळखले जाणारे पद १९३१पासून महापौर या नावाने रूढ झाले. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून आयुक्तच प्रशासक झाले, तेव्हा प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला आणि सभागृहात नगरसेवकांचा आवाज उरला नाही. इमारत जशीच्या तशी असूनही तिचा मुख्य उपयोग थांबला होता.

प्रश्न: जन्मदाखला किंवा मालमत्ता कराच्या कामासाठी मुख्यालयात जावे लागते का? इमारत आतून पाहता येते का?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर: जावे लागत नाही. दाखले, मालमत्ता कर, नळजोडणी यांसारखी कामे आपल्या विभाग कार्यालयात, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या ‘वॉर्ड ऑफिस’मध्ये होतात, आपल्यासाठी ते टी विभागाचे कार्यालय. पावसाळ्यात पाणी तुंबले, झाड पडले, तर १९१६ या क्रमांकावर आपत्कालीन नियंत्रण कक्षाला कळवावे. इमारत पाहण्यासाठी मात्र महापालिका आणि राज्य पर्यटन विकास महामंडळ यांनी जानेवारी २०२१ मध्ये वारसा फेरी सुरू केली आणि ती शनिवार-रविवारी ठेवली. फेरीला गेलात, तर आत शिरण्यापूर्वी समोरच्या पदपथावर थोडे थांबून माथ्यावरची पंख असलेली स्त्रीमूर्ती अवश्य पाहा, कारण ती मुंबई नगरीचे प्रतीक आहे आणि इमारतीच्या अगदी जवळ गेल्यावर नीट दिसत नाही.