किट बाजूला ठेवा, दोरा आणि नट घ्या

तुमची सात वर्षांची मुलगी विज्ञानाचं किट दोन दिवसांत कोपऱ्यात टाकते आणि दर प्रयोगानंतर "बरोबर आलं का?" विचारते, हे वाचून राहवलं नाही. आमच्याकडेही गाडी इथेच अडली होती. किटच्या खोक्यावर उत्तर आधीच छापलेलं असतं, मग पोरीने शोधायचं काय? माझं मत विचाराल तर वर्षभर किट आणू नका. लंबक करा.

शिवणाचा सुती दोरा दुहेरी घ्या (मांजा नको, बोट कापतं). कपड्यांचा चिमटा टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोरा त्यात धरा, म्हणजे लांबी पटकन बदलता येते. खाली यू-क्लिप वाकवून केलेला आकडा आणि त्यात 10 मिलिमीटर बोल्टचा एक नट. चिमट्यापासून नटाच्या मध्यापर्यंत 25 सेंटीमीटर. चार-पाच सेंटीमीटर बाजूला घेऊन नुसतं सोडायचं, ढकलायचं नाही. जाऊन परत आला की एक झोका. 10 झोक्यांना साधारण 10 सेकंद लागतात. सोडताना "शून्य" म्हणायचं. "एक" म्हटलं की मोजले जातात 9च झोके, आणि मग घड्याळाला दोष दिला जातो.

आता विचारा, "जड केला तर लवकर येईल की उशिरा?" अंदाज आधी वहीत लिहायला लावा, मगच मोजा.

इथेच माझी सगळ्यात महागात पडलेली चूक झाली. मुलं जास्तीचे नट एकाखाली एक बांधतात. एक नट साधारण 17 मिलिमीटरचा. पाच बांधले की वजनाचा मध्य सुमारे साडेतीन सेंटीमीटर खाली जातो, म्हणजे लंबकच लांब होतो आणि 10 झोक्यांना पाऊण सेकंद जास्त लागतो. माझ्या पोरीचं मोजमाप अचूक होतं. मी मात्र "वजनाने फरक पडत नाही, पुन्हा मोज" म्हणून मोकळी झाले. त्यानंतर वहीतली संख्या खोडून माझ्या तोंडाकडे बघायची जी सवय लागली, ती सुटायला कित्येक महिने गेले. म्हणायला हवं होतं एवढंच, "दोन्ही वेळा लांबी सारखीच होती का? पट्टी लावून बघू." पाचही नट यू-क्लिपच्या एकाच आकड्यात अडकवले की वेळ परत 10 सेकंदांच्या आसपास येतो, आणि हे तिचं तिला सापडतं.

1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या 16 शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या पुस्तकांत प्रश्न आणि प्रयोग होते, तयार उत्तरं नव्हती. मुलं ती पुस्तकं परीक्षेलाही घेऊन बसत. शाळाशाळांतून थर्माकोलचा ज्वालामुखी रंगवून घेणाऱ्यांनी हे एकदा तरी बघावं.

मी शिक्षिका नाही, प्रत्येक मूल वेगळं, तेव्हा तारतम्य तुमचं. सहाच्या आतल्यांना सेकंद नकोत. दोन लंबक शेजारी टांगून कोण पुढे जातो ते बघू द्या. घरात रांगणारं मूल असेल तर नट मोजूनच उचला.

वजनाचं पटलं की दोरा 50 सेंटीमीटर करा. दुप्पट दोरा म्हणून ती 20 सेकंद सांगेल, येतील 14. तुम्ही काही बोलू नका. चिमटा दाराच्या चौकटीला वर लावून 1 मीटरचा लंबक टांगा आणि घड्याळ तिच्या हातात द्या.