कृष्णविवर शिकायचंय? आधी कर्कटक शोध

बारा रंगांचे जेल पेन आणि हायलायटरचा संच आत्ता घेऊ नकोस. मी घेतला होता. पहिलं पान झक्क सजलं, दुसरं लिहिलंच गेलं नाही! एक कोरी वही (आखीव नको, आकृत्याच जास्त काढायच्या आहेत), एचबी पेन्सिल, बरा खोडरबर आणि शाळेतलं कर्कटक. एवढं पुरे.

आता ९ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढ. गोटीएवढं होईल. अख्खी पृथ्वी एवढ्यात दाबून बसवली, तर तिचं कृष्णविवर होईल. सूर्यासाठी हीच त्रिज्या साधारण ३ किलोमीटर. या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. तिथे कठीण कवच वगैरे काही नसतं, पण आत गेलेला प्रकाशही परत येत नाही. हे एक वर्तुळ नीट कळेपर्यंत पान उलटू नकोस.

नवख्यांच्या दोन चुका ठरलेल्या:

- कृष्णविवर सगळं ओढून घेतं असं समजणं. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी आपल्या कक्षेतच फिरेल. (गारठून जाऊ, ते वेगळं.)
- २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्रातलं केशरी कडं म्हणजेच कृष्णविवर मानणं. ते भोवतालच्या तापलेल्या वायूचं तेज. रंगही रेडिओ लहरींना आपणच दिलेला. मधली काळी सावली बघ.

हॉकिंग प्रारण, वर्महोल असले पुढचे विषय सध्या बाजूला. आधी पृथ्वीचा मुक्तिवेग (तिच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला लागणारा वेग) स्वतः काढ. सेकंदाला ११.२ किलोमीटर आला पाहिजे. अडलं तर वहीच्या पानाचा फोटो पाठव, खाडाखोडीसकट.