खानदेशी पाककृतींचे पुस्तक छोटे प्रकाशक काढतात का आणि खर्च कोण करतो?

होय, काढतात, मात्र खर्च संपूर्णपणे प्रकाशक करतो असे नाही, कारण पहिली आवृत्ती बहुधा काही शे प्रतींचीच असते आणि अनेकदा लेखकाला त्यांतील ठरावीक प्रती आगाऊ विकत घ्याव्या लागतात. पाककृतींच्या पुस्तकांचे संपादन करताना माझ्या असे लक्षात आले आहे, की प्रकाशकाच्या नकाराचे कारण पदार्थ अनोळखी असणे हे क्वचितच असते; हस्तलिखितात प्रमाणे नसणे हेच मुख्य कारण असते. कळण्याच्या भाकरीसाठी ‘अंदाजाने उडीद’ असे लिहून भागत नाही. ज्वारी आणि उडीद किती वाट्या, मीठ दळतानाच घालायचे की पीठ मळताना, हे जळगावबाहेरच्या वाचकालाही कळले पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक कृती दुसऱ्या कोणाकडून तरी करून पाहावी. पुस्तक साधारणपणे सोळा पानांच्या फॉर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या संचांत, छापले जाते, त्यामुळे रंगीत छायाचित्रे सर्वत्र न विखुरता एकाच आर्ट पेपरच्या फॉर्म्यात घेतल्यास खर्च बराच आटोक्यात राहतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो, म्हणून त्यासाठी कोणी शुल्क मागितल्यास खुलासा अवश्य मागावा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: निव्वळ साहित्याच्या यादीला सहसा स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळत नाही, ते तुमच्या शब्दांना आणि छायाचित्रांना मिळते, त्यामुळे करारात पुनर्मुद्रण, अनुवाद आणि ई-पुस्तक यांचे हक्क स्वतंत्रपणे लिहून घ्यावेत.